साथीला बसलेला माणूस

गेल्या गुढीपाडव्याला आमच्या घरात बंड झाले. बंडखोर एकच, वय वर्षे पंधरा. श्रीखंडाची वाटी पुढ्यात ओढता ओढता आमच्या कन्येने जाहीर केले, की सात वर्षे चाललेले गाणे ती सोडणार आहे आणि त्याऐवजी ड्रम शिकणार आहे.

पहिली बोलली ती माझी आई. "ड्रम म्हणजे ते पाण्याचे?" तिने विचारले. नातीने खुलासा केल्यावर ती म्हणाली, "बडवायचेच असेल तर पथकात जा बाई, ढोल वाजव. निदान गणपतीपुढे तरी वाजेल." सौभाग्यवतींनी सोसायटीच्या चिटणिसांची आठवण करून दिली, हे गृहस्थ रात्री नऊनंतर मिक्सर लावला तरी जिना चढून येतात. मी मात्र बाप आणि प्राध्यापक अशा दोन्ही नात्यांनी गंभीर झालो. सात वर्षे! दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला स्कूटरवरून बाईंकडे पोचवले ते मी, आणि पावसाळ्यात बाहेर वळचणीला उभा राहून तास संपण्याची वाट पाहिली तीही मीच. मी एवढेच विचारले, "का?"

ती म्हणाली, "बाबा, मी किशोरीताईंचा भूप ऐकला. आठ दिवस तोच ऐकते आहे. मला तसे कधीही येणार नाही. आणि तसे येणार नसेल, तर मला गायचेच नाही."

याला बापाने काय उत्तर द्यावे? प्रत्येकाने किशोरीताई व्हायचे नसते, ज्ञानेश्वरांनंतरही लोक ओव्या लिहीतच होते, असे एक भाषण मी केले. हे भाषण वर्गात दरवर्षी चांगले होते. घरात पडले.

रात्री जेवणे आटोपल्यावर ती कानात घालायची ती दोन बोंडे घेऊन माझ्या टेबलाशी आली. "बाबा, हे ऐका. आणि टाळीवर मोजा." मी मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. दुसऱ्याच आवर्तनात माझी टाळी रस्ता चुकली. मी पुन्हा धरली, पुन्हा सुटली. कन्या गालात हसत होती. मग माझ्या ध्यानात आले, की येथे चार नाहीतच, पाच आहेत. तीन आणि दोन, तीन आणि दोन. पियानोवर दोन-चार स्वरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येत होता, आणि त्याच्या आधाराने कोणीतरी ड्रम वाजवत होते. बडवत नव्हते, वाजवत होते. मध्येच थांबत होते, बोलता बोलता माणूस थांबतो तसे. आणि थांबले तरी पाचांची मोजणी कोठे ढळत नव्हती.

मी चमकलो तो त्या पियानोपायी. कॉलेजात असताना वसतिगृहात माझा एक मित्र तबल्याचा रियाज करी आणि मला पेटीवर लहरा धरायला बसवी. एकच ओळ, तास-तास, बदल न करता. तो कायदे, रेले, तुकडे यांत रंगलेला, आणि मी बापडा त्याच त्या ओळीवर पहारा देत बसलेला. अमेरिकेतला हा पियानो तेच करीत होता. तो लहराच होता! फरक इतकाच, की ज्याच्या नावाने ते सबंध पथक ओळखले जाई तो मालक येथे पेटीवर पहारा करीत होता, आणि मैफल होती मागे बसणाऱ्या ड्रमवाल्याची.

तो ड्रमवाला म्हणजे जो मोरेलो. त्या तबकडीची कथा पुढे येईलच. पण त्या रात्रीपासून मी या माणसाच्या मागे लागलो आणि जे हाती लागले ते वाचून बेचैन झालो. कारण आमच्या बंडखोर कन्येने पाडव्याला जे केले, ते या गृहस्थाने पंधराव्या वर्षीच करून ठेवले होते.

मोरेलोचा जन्म १७ जुलै १९२८ चा, अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी. दृष्टी जन्मापासून अधू. चेंडूफळीच्या वयात ज्याला चेंडू दिसत नाही, त्या मुलाने करावे काय? घरच्यांनी सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन दिले. तीन वर्षांत पोराने अशी मजल मारली, की नवव्या वर्षी बोस्टनच्या सिंफनी वाद्यवृंदासमोर उभे राहून त्याने मेंडेलसोनची व्हायोलिनची रचना वाजवली. बाराव्या वर्षी पुन्हा एकदा त्याच वाद्यवृंदाबरोबर वाजवले. आपल्याकडे असे झाले असते तर 'बाल' हे उपपद त्याला मिशा फुटेपर्यंत चिकटले असते.

आणि मग त्याने याशा हायफेट्झला ऐकले. हायफेट्झ हा त्या काळचा व्हायोलिनचा बादशहा आणि या मुलाचे दैवत. त्याची भेट झाली, प्रत्यक्ष वादन कानी पडले, आणि पंधरा वर्षांच्या मोरेलोने मनाशी ठरवले, की हा नाद आपल्या हातून कधीच निघणार नाही. त्याने व्हायोलिन ठेवून दिले आणि ड्रम शिकायला सुरुवात केली.

हे वाचताना मला प्रथम रागच आला. आठ-नऊ वर्षांची मेहनत अशी एका ऐकण्यासरशी टाकून द्यायची? पण दोन दिवसांनी दुसरे काही सुचू लागले. हायफेट्झचा नाद किती उंच आहे हे कळायलाही कान लागतो. आमच्यासारखे शंभरजण टाळ्या वाजवून घरी जातात. अंतर ज्याला दिसते तो अस्वस्थ होतो. आणि या मुलाने संगीत सोडले नव्हते, फक्त जागा बदलली होती. सभेच्या मध्यभागी उभा राहणारा मुलगा मागे जाऊन साथीला बसला.

पहिले गुरू भेटले ते जो सेफ्चिक नावाचे. गावात जे जे खेळ येत त्यांच्यासाठी रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसून ते ड्रम वाजवीत. म्हणजे आपल्या नाटक कंपनीतल्या तबलजीसारखेच. पात्र गाते, लोक पात्राकडे पाहतात. शिष्यही मिळेल तेथे वाजवू लागला. लग्नात वाजवले, मेजवान्यांत वाजवले, लष्करी थाटाचे पडघम वाजवले. पुढे सेफ्चिकनीच त्याला सांगितले, की माझ्याकडचे संपले, आता तू बोस्टनला स्टोनसाहेबांकडे जा.

हे जॉर्ज लॉरेन्स स्टोन म्हणजे ड्रमच्या दुनियेतले पाणिनीच. १९३५ साली त्यांनी 'स्टिक कंट्रोल' नावाचे अभ्यासाचे पुस्तक काढले. त्यात काय आहे म्हणाल, तर उजवा हात आणि डावा हात. उजवा-डावा-उजवा-डावा, उजवा-उजवा-डावा-डावा, अशा पानेच्या पाने ओळी. पाहिले तर मुद्रकाच्या डुलकीचा परिणाम वाटावा. पण जगभरचे ड्रमवाले आजही त्याच पानांवर हात घासतात. मोरेलोने तो धडा गिरवला आणि गिरवता गिरवता त्यात आपल्या पदरचे आघात घालू लागला. ओळ गुरूची, पण येथे जोर, तेथे हलके, असे करून त्याने ती सजवली. आमच्या धंद्यात असे झाले तर काय होते, ते मी सांगायला नको. विद्यार्थ्याने गाइडाबाहेरचे एक वाक्य उत्तरात लिहिले तर तपासणाऱ्याचा लाल पेन थबकतो. स्टोनसाहेबांनी मात्र विचारले, की हे तू काय केलेस, पुन्हा वाजव. त्यातून त्यांचे दुसरे पुस्तक उभे राहिले, 'ॲक्सेंट्स अँड रिबाउंड्स'. ते १९६१ साली निघाले आणि गुरूने ते शिष्याला अर्पण केले. वीस वर्षे शिकवतो आहे, पण अर्पणपत्रिकेत विद्यार्थ्याचे नाव घालण्याचे मला अजून सुचलेले नाही. सुचावे असे पुस्तकही झालेले नाही म्हणा.

मोरेलोला सिंफनी वाद्यवृंदात शिष्टसंमत वादक व्हायचे होते. स्टोननी त्याला सांगितले, की तुझी वाट ती नव्हे, तू जॅझकडे जा.

आता जॅझ म्हणजे काय, यावर पंडितांत एकवाक्यता नाही, तेव्हा मी तेथे शिरत नाही. पण त्यातला ड्रमवाला काय करतो ते सांगायला हवे. 'अलबेला' हा १९५१ चा बोलपट ज्यांनी पाहिला असेल त्यांनी चिक चॉकलेट या गोव्याच्या तुतारीवाल्याचा बँड त्यात पाहिला आहे. आमच्या चितळकरांच्या संगीताला त्या मंडळींनी तो रंग दिला होता. अशा बँडमध्ये मागे जो माणूस चार-पाच ढोलकी आणि तीन-चार झांजा भोवती मांडून बसतो, तो हा. उजव्या पायाने मोठा ढोल, डाव्या पायाने एकमेकींवर आपटणारी झांजांची जोडी, उजव्या हाताने टांगलेल्या झांजेवर चालू ठेका, डाव्या हाताने मधल्या ढोलावर संभाषण. हातापायांनी चार कामे एकाच वेळी करायची आणि एकाने दुसऱ्याचे ऐकायचे नाही. आपल्या तबलजीचे दोन हात दोन भाऊ असतात. याच्या घरी चार जावा नांदतात.

१९५२ च्या सुमारास मोरेलो न्यूयॉर्कला आला. पहिले वर्ष हालाचे गेले. पण या माणसाला काय येत नव्हते? त्याआधी तो हँक गारलंडबरोबर ग्रामीण अमेरिकेची खेडवळ ढंगाची गाणी वाजवत गावोगाव फिरला होता. न्यूयॉर्कात जॉनी स्मिथ, ताल फार्लो अशा गिटारवाल्यांना त्याने साथ केली. गिटारचा आवाज केवढा? तेथे ड्रम कुजबुजला पाहिजे. स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात मात्र पितळी वाद्यांची भिंत, तेथे गर्जना हवी. आणि १९५३ पासून तीन वर्षे तो मरियन मॅकपार्टलंड या पियानोवादिकेच्या तिघांच्या संचात, हिकरी हाऊस नावाच्या खाणावळीत वाजवत होता. तेथे हाती बहुधा स्टिकऐवजी तारांचे ब्रश. माणसे शेजारी जेवताहेत, सुरी-काट्यांचा किणकिणाट चालला आहे, आणि ड्रमच्या कातड्यावरून ब्रश फिरतो आहे, पाटावर रव्याची चाळण फिरावी तसा.

जाड भिंगांचा चष्मा, अंगाने किरकोळ, बोलणे हळू. मॅकपार्टलंडबाईंना हा मुलगा ड्रमवाला न वाटता शास्त्रशाखेचा विद्यार्थी वाटला होता. पण वाजवू लागला की शहरातले तयारीचे ड्रमवाले येऊन समोरच्या टेबलावर बसत. मधल्या सुटीत तो टेबलावर रुमालाची घडी घालून त्यावर हात चालवीत बसे. रियाजाला जागा नाही, असे म्हणणाऱ्यांनी या रुमालाचा विचार करावा. (हे वाक्य मी आमच्या घरी वाचून दाखवले आणि पस्तावलो. ते का, ते शेवटी.)

आता त्याच्या आयुष्यातले मोठे वळण. १९५६ साली बेनी गुडमन आणि टॉमी डॉर्सी या दोन नामांकितांच्या वाद्यवृंदांकडून बोलावणी आली असताना त्याने ती नाकारली आणि डेव्ह ब्रूबेक या पियानोवादकाच्या चौघांच्या संचात दोन महिन्यांच्या बदलीवर जाणे पत्करले. त्यापूर्वी त्याने तो संच ऐकला होता. उजेडाचा झोत असे तो ब्रूबेकवर आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पॉल डेझमंडवर. मागे बासवाला आणि ड्रमवाला अंधारात ठोकाठोक करीत. मोरेलोने ब्रूबेकला तोंडावर सांगितले, की असा अंधारातला ड्रमवाला हवा असेल तर मी नको. ब्रूबेकने त्याला पुढे आणण्याचे कबूल केले.

गंमत अशी, की मोरेलोला घ्या म्हणून सुचवणारा डेझमंडच होता. हिकरी हाऊसमध्ये त्याने त्याचे ब्रश ऐकले होते आणि असा हळुवार, सभ्य, आपल्या सुरांमागे गालिचा अंथरणारा साथीदार मिळावा असे त्याला वाटले होते. पहिल्याच मुक्कामात ब्रूबेकने मोरेलोला एकट्याने वाजवायला सांगितले, आणि लोक उठून उभे राहिले. डेझमंड रंगमंचावरून निघून गेला. नंतर त्याने ब्रूबेकला निर्वाणीचे सांगितले: एक तर तो राहील, नाही तर मी. ब्रूबेकने सांगितले, की तो जाणार नाही. डेझमंडही गेला नाही; पण बरेच दिवस दोघांत विस्तव जात नव्हता.

साथीदाराने किती वाजवावे, हे भांडण आपल्याला नवे आहे काय? गायकाने तान घेतली की तबलजीने हात आवरावा, की त्यानेही दोन शब्द बोलावे, यावरून आपल्या बैठकी मोडल्या आहेत. मी स्वतः डेझमंडच्या बाजूचा, निदान होतो. गाणाऱ्याच्या अंगावर येणारा तबला मला सोसत नाही. पण मोरेलोच्या तबकड्या एका मागून एक ऐकल्यावर मला कबूल केले पाहिजे, की हा माणूस डेझमंडच्या सुरांवर कधी पाय देत नाही. डेझमंडचा सॅक्सोफोन म्हणजे शरदाच्या चांदण्यासारखा. त्याच्यामागे मोरेलो झांजेवर इतका बारीक वाजवतो की झांज आहे हे ती थांबल्यावर कळते. आणि स्वतःची पाळी आली की तो आपले बोलणे बोलतो. पुढे ते दोघे जिवलग मित्र झाले. दोन महिन्यांची बदली अकरा वर्षे चालली.

१९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या चौघांना दौऱ्यावर धाडले. शीतयुद्धाचे दिवस, रशिया नर्तक पाठवी, अमेरिका जॅझवाले. पोलंड, तुर्कस्तान, इराण, इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, श्रीलंका आणि आपला देश. निघण्यापूर्वीच संचात बासवादक म्हणून यूजीन राइट आला होता. तो काळा होता आणि बाकीचे तिघे गोरे. त्याला वगळण्याचे ब्रूबेकने नाकारले, म्हणून १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वीसहून अधिक कॉलेजांनी कार्यक्रम रद्द केले. स्वातंत्र्याचे वादक म्हणून ज्यांना जगभर मिरवले, त्यांची घरी ही गत!

मुंबईत त्यांची गाठ उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली आणि सतार व पियानो एकत्र वाजले. परंतु मोरेलोच्या दृष्टीने मोठी भेट झाली ती मद्रासला. तेथे पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांचा मृदंग त्याच्यासमोर आला. पिळ्ळै हे मृदंगाचे थोर विद्वान. १९६२ साली वारले. ते डावखुरे होते. मृदंगवाला डावखुरा म्हणजे बैठकीची मांडणीच उलटी करावी लागे, आणि केवळ एवढ्यासाठी उमेदीच्या काळात त्यांना साथीला बोलावणे अवघड जाई. तेव्हा चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारखा मोठा गवई त्यांच्या पाठीशी उभा राहिला. एक जन्माचा अधू डोळ्यांचा, एक जन्माचा डाव्या हाताचा, आणि दोघांचा धंदा साथीचा. एकमेकांची भाषा येत नसताना ते दोघे वाजवायला बसले, आणि ब्रूबेक पाहत राहिला, की आपला ड्रमवाला पिळ्ळैंच्या बोलांना कशी उत्तरे देतो आहे. त्या दौऱ्यानंतर निघालेल्या 'जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया' या तबकडीत 'कलकत्ता ब्लूज' नावाची रचना आहे. तीत मोरेलोने स्टिक बाजूला ठेवून बोटांनी ड्रम वाजवले आहेत. ते आपल्या वळणाचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मद्रासहून काहीतरी बरोबर गेले होते खास.

तुर्कस्तानातही ब्रूबेकला रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांत सहज वाजवताना भेटले. अमेरिकन कान तोवर चार मात्रांचा, फार तर वॉल्ट्झच्या तीनांचा. आपल्या घरी झपतालाला कोणी साहस म्हणत नाही. पोर दहा वर्षांचे झाले की ते धी ना, धी धी ना म्हणू लागते. तेथे मात्र पाच मात्रा ही क्रांती होती, आणि ती संचात आणली मोरेलोने. कार्यक्रमाआधी तो पाचांत हात मोकळे करीत बसे. डेझमंडला तो म्हणे, की मला पाचांत वाजवायला एक धून करून दे. डेझमंडने दोन तुकडे करून आणले, ब्रूबेकने ते जोडले, आणि 'टेक फाइव्ह' तयार झाली. हीच आमच्या कन्येने ऐकवलेली.

ती ध्वनिमुद्रित करायला मंडळी २५ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत बसली, आणि जमेना! पुन्हा पुन्हा सुरू केले, पुन्हा पुन्हा कोणी ना कोणी मात्रा हरवून बसे. ज्यांनी पाच शोधले त्यांचीच टाळी रस्ता चुकत होती, हे वाचून मला त्या रात्रीची लाज जरा कमी वाटली. शेवटी तो दिवस सोडून दिला आणि १ जुलैला ती जमली. 'टाइम आउट' या नावाने सबंध तबकडी निघाली. कंपनीच्या कारभाऱ्यांना तिची धास्ती होती: ओळखीची एक धून नाही, आणि तालावर नाचता येत नाही, कोण घेणार? जॅझची दहा लाख खपलेली पहिली तबकडी म्हणून तिचीच नोंद झाली.

मोरेलोचे जे वादन तीत आहे त्यात वेगाचा दिमाख नाही. त्याच्याजवळ वेग केवढा होता, हे फेब्रुवारी १९६३ मधल्या कार्नेगी हॉलच्या कार्यक्रमात 'कॅस्टिलियन ड्रम्स' ऐकले म्हणजे कळते. तेथे स्टिक आहेत, उघडे हात आहेत, गारांचा पाऊस आहे. पण 'टेक फाइव्ह'मध्ये त्याने मोकळ्या जागा ठेवल्या. पियानोचा लहरा फिरतो आहे, मोरेलो एक आघात करतो आणि गप्प बसतो. ऐकणाऱ्याला वाटते, चुकला. तो चुकलेला नसतो. तुम्ही श्वास रोखून असता आणि तो नेमका तुमच्या अपेक्षेच्या अर्धी मात्रा अलीकडे येऊन उभा राहतो.

धून डेझमंडच्या नावावर. मानधनही त्याचे. १९७७ साली तो गेला तेव्हा त्याने ते हक्क अमेरिकन रेड क्रॉसला देऊन ठेवले होते, ही थोरच गोष्ट. तरीही मला वाटते, की ज्याच्या पाच मात्रांवर ती इमारत उभी आहे त्याचे नाव आणखी चार लोकांना ठाऊक हवे होते. साथीदाराचे नाव पत्रिकेत बारीक टाइपात छापतात, ती रीत सातासमुद्रापारही आहे.

१९६७ अखेर संच मोडला. मोरेलो चाळिशीच्या उंबरठ्यावर, कीर्तीच्या शिखरावर. त्याने काय करावे? तो शिकवायला लागला. न्यू जर्सीत शिकवण्या, गावोगाव प्रात्यक्षिके. १९७६ साली ते चौघे जुन्या आठवणीसाठी पुन्हा एकत्र आले, आणि त्याच वर्षी त्याची उरलीसुरली दृष्टी गेली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पूर्ण अंधार. त्यानंतरही पस्तीस वर्षे तो शिकवत राहिला. 'मास्टर स्टडीज' हे त्याचे पुस्तक १९८३ चे. डॅनी गॉटलीब, मॅक्स वाइनबर्ग हे पुढे नावारूपाला आलेले वादक त्याच्या हाताखालून गेले. त्यातला वाइनबर्ग तर ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या रॉकच्या गदारोळात वाजवणारा. गुरूने त्याला नाके मुरडली नाहीत.

अंध गुरू शिष्याचा हात पाहत नसे, ऐकत असे. मनगट आखडले की स्टिकचा आवाज आखडतो, आणि तो त्याला ऐकू येई. त्याचे शिकवणे मुळात एका गोष्टीभोवती फिरे: स्टिक कातड्यावर पडली की ती आपणहून वर उसळते, तिला उसळू दे. तू ढकलू नकोस. सारा जोर काढून टाक आणि उसळी पकड. स्टोनकडून आणि रेडिओ सिटीच्या बिली ग्लॅडस्टोनकडून त्याने घेतले ते हेच, आणि शेकडो मुलांना दिले ते हेच. १२ मार्च २०११ रोजी न्यू जर्सीत तो वारला. वय ब्याऐंशी.

व्हायोलिन त्याने पुन्हा हाती धरले की नाही, यावर मी काही बोलत नाही. मात्र त्याच्या झांजेचा आवाज ऐकताना मला राहून राहून वाटते, की गज ओढणाऱ्याच्या हाताला नाद कोठे संपतो हे कळते आणि ते शिक्षण वाया गेलेले नाही. हे माझे मत. आमच्या घरच्या गायनाच्या बाईंचेही काहीसे असेच मत निघाले. मी कन्येला घेऊन त्यांना सांगायला गेलो तेव्हा मला वाटले होते बाई रागावतील. त्या मुलीला म्हणाल्या, "सात वर्षांचा कान घेऊन चालली आहेस, तो तेथे ठेव. पण भूप ऐकायचा सोडू नकोस." परत येताना स्कूटरवर मागे ती बराच वेळ गप्प होती. रडत होती की काय, मी आरशात पाहिले नाही.

चार महिने झाले. ड्रमचा संच घरात आलेला नाही. शिकवणाऱ्याने सांगितले आहे, की सहा महिने नुसता रबरी पॅड आणि दोन स्टिक. उजवा-डावा-उजवा-डावा. चिटणिसांना पत्ताही नाही. पण पॅड क्लासमध्येच राहतो, आणि मी तो रुमालाचा प्रसंग वाचून दाखवल्यापासून घरात एक रुमाल जागेवर सापडत नाही. जेवणाच्या टेबलावर घडी, त्यावर दोन चमचे, आणि वरण निवत असते.

परवा रात्री आई माळ घेऊन शेजारी बसली होती. मणी ओढता ओढता तिचा हात थांबला. थोडा वेळ तिने ऐकले, मग माळेवरची नजर न काढता नातीला म्हणाली, "अगं, पाचच का वाजवतेस? माझा जप चुकतो."

"पाचच आहेत, आजी."

"मग नीट वाजव," आई म्हणाली. "तिसरा दबतो आहे."